जुन्या जीपचा मागचा कणा

बैलगाडीच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडाला आपल्याकडे कणा म्हणतात, कोठे आस म्हणतात. गाडीचा सारा भार त्यावर असतो आणि त्याचे काम तेवढेच असते. मोटारीच्या मागच्या कण्याला याहून अधिक काम पडते. तो भार वाहतो आणि चाकेही फिरवतो. त्याच्या मध्यभागी फुगीर पोटात पिनियन नावाचे लहान दातेरी चक्र आणि क्राऊन नावाचे मोठे चक्र असते. इंजिनाकडून आलेले वेगवान फिरणे तेथे मंद व जोरदार होते, काटकोनात वळते आणि दोन शाफ्टांवाटे डाव्या-उजव्या चाकांकडे जाते. हा भाग निकामी झाला की गाडीचे इंजिन कितीही सुरेल चालो, गाडी जागची हलत नाही.

भंडारा जिल्ह्यातील जुन्या व्यापारी घरांत अशी जागची न हललेली जीप आढळावी, यात नवल नाही. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, साकोलीकडील जंगलांची कंत्राटे, तेंदूपत्त्याची संकलन केंद्रे, धानाच्या गिरण्या हे सारे व्यवसाय एकेकाळी कच्च्या रस्त्यांच्या टोकाला होते. पावसाळ्यात जेथे बैलगाडीही रुतत असे तेथे चारही चाकांनी ओढणारे वाहनच उपयोगी पडे. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक युद्ध-जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यांतील काही लिलावांमधून आपल्याकडच्या खासगी हातांत आल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईच्या माझगावात विलिसच्या नागरी जीपची जोडणी सुरू केली आणि कालांतराने ती गाडी येथेच बनू लागली.

त्याच सुमारास मुंबईच्या कुर्ल्यात मोटारीचा आणखी एक कारखाना उभा राहिला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने आधी डॉज व प्लिमथ आणि मग फियाट गाड्या रस्त्यावर आणल्या. समाजातील अनेक घरांच्या जुन्या छायाचित्रांत ती फियाट दिसते. मात्र फियाटच्या मागच्या कण्याचे प्रकरण तुलनेने सरळ आहे. तेथे मागचीच चाके गाडी ढकलतात. दात्यांचे प्रमाण थोडे वेगळे असलेला कणा बसला तर गाडीचा वेग आणि चढावरची ताकद बदलते, एवढेच. जीपमध्ये मागच्या कण्याला पुढच्या कण्याशी जमवून घ्यावे लागते, आणि खरी अडचण तेथे आहे.

आता असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. आजोबांनी धानाच्या खरेदीसाठी वापरलेली जीप गोदामाच्या कडेला ताडपत्रीखाली उभी आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराचा मोठा भाग आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, त्यात त्या गोदामातही पाणी शिरले. पूर ओसरल्यावर लोकांनी पोती, वह्या, घरातील सामान वाळवले. जीपकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण वरून ती धुऊन निघाल्यासारखी दिसत होती. काही वर्षांनी नातवाने ती चालू करायचे मनावर घेतले. इंजिन दुरुस्त झाले, गाडी फाटकाबाहेर आली आणि मागून जात्यासारखी घरघर ऐकू येऊ लागली.

मागच्या कण्याला वरच्या बाजूस हवा जाण्या-येण्यासाठी एक लहान ब्रीदर असतो. कणा पाण्यात बुडाला की तेथून आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत जाते. पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी बसते आणि तेल वर तरंगते. क्राऊनचा खालचा भाग आणि खालच्या बेअरिंगच्या गोळ्या वर्षानुवर्षे पाण्यात राहतात. निचऱ्याचा बोल्ट उघडला असता आधी पाणी आणि मग ताकासारखे पांढरट तेल येऊ लागले, तर आत काय झाले असेल हे कव्हर काढण्यापूर्वीच समजावे. दात्यांवर गंजाने पडलेले खड्डे घासून जात नाहीत. पोलादाच्या दात्यावरचा कठीण थर पातळ असतो. तो एकदा फुटला की खड्डा वाढतच जातो. अशा वेळी क्राऊन-पिनियनची नवी जोडी मिळवावी, नाहीतर मोडीत निघालेल्या दुसऱ्या जीपचा संपूर्ण कणा आणावा. पोटाचे घर, शाफ्ट आणि हबही गंजलेले असतील तर दुसरा मार्ग स्वस्त पडतो.

मोड हा शब्द भंडाऱ्याला नवा नाही. पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या या गावात जुनी भांडी मोड म्हणून देऊन नवी घेण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. पितळेच्या मोडीत मात्र वस्तूचा आकार पाहत नाहीत, धातू आणि वजन पाहतात. लोखंडी भंगाराचा व्यापारीही बहुधा त्याच दृष्टीने कण्याकडे पाहतो. त्याच्याकडे तो किलोवर आलेला असतो आणि गिऱ्हाईक दारात उभे राहिले की त्याच लोखंडाचा ‘पार्ट’ होतो. ‘शेटजी, जीपचाच आहे, डोळे मिटून लावा,’ असे तो म्हणतो आणि त्यात तो खोटे बोलतोच असे नाही. कणा जीपचाच असतो, पण कोणत्या जीपचा हे त्यालाही ठाऊक नसते.

पहिली पाहणी दुरूनच करावी. विलिस घराण्याच्या जीपमध्ये कण्याचे पोट मधोमध नसते. ते उजवीकडे, म्हणजे आपल्याकडील चालकाच्या बाजूला सरकलेले असते, कारण गिअरबॉक्समागील ट्रान्सफर केसमधून शाफ्ट त्याच बाजूने निघतो. पोट बरोबर मध्यावर असेल तर तो कणा निराळ्या वाहनाचा आहे, पुढे मोजमाप करण्याचे कारण नाही. पोट सरकलेले असेल तर फूटपट्टी काढावी. दोन्ही चाकांच्या मध्यरेषांमधील अंतर युद्ध-जीपमध्ये ४९ इंच होते. पाट्यांच्या स्प्रिंगा ज्या बैठकींवर बसतात त्यांच्यामधील अंतर आपल्या गाडीवर मोजून न्यावे आणि तेच येथे मिळते का पाहावे. बैठक कापून पुन्हा वेल्ड केल्याची खूण दिसली तर तो कणा आधीच कोणीतरी दुसऱ्या गाडीत जमवून बसवलेला होता असे समजावे.

दुसरी ओळख चाकाच्या तोंडाशी होते. युद्धकाळातील विलिस एमबीचा मागचा कणा ‘फुल फ्लोटिंग’ प्रकारचा होता. त्यात चाक आणि हब कण्याच्या नळीवरील बेअरिंगवर फिरतात. आतला शाफ्ट केवळ फिरवण्याचे काम करतो. हबच्या तोंडावर शाफ्टची गोल थाळी बोल्टांनी बसवलेली दिसते. ते बोल्ट काढून शाफ्ट ओढून घेतला तरी चाक जागेवर राहते. नंतरच्या नागरी जीपमध्ये, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्यास, ‘सेमी फ्लोटिंग’ प्रकार आला. तेथे टोपणाखाली एकच मोठा नट आणि त्यातून गेलेली कॉटर पिन दिसते. शाफ्टचे टोक निमुळते असते व त्यावर चावीने हब बसवलेला असतो. या प्रकारात शाफ्टच भारही वाहतो, म्हणून तो टोकाशी तुटला तर चाक शाफ्टच्या तुकड्यासह बाहेर येऊ शकते. हा कणा वाईट आहे असे नव्हे. हजारो गाड्या त्यावर आयुष्यभर धावल्या. पण मोडीतला घेताना निमुळत्या भागावर तडा आहे का, चावीची खाच रुंदावली आहे का, हे शाफ्ट बाहेर काढून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ब्रेकचा ड्रमही मोजावा. जुन्या जीपचा ड्रम ९ इंचांचा असतो. मोठा ड्रम असेल तर पुढच्या व मागच्या ब्रेकचा तोल बदलतो.

एवढे सारे जुळले तरी मुख्य प्रश्न उरतो, तो दात्यांचा. युद्ध-जीपच्या पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते होते, म्हणजे प्रमाण ४.८८. नागरी जीपच्या, सीजे-२ए आणि सीजे-३बी या प्रसिद्ध मॉडेलांच्या, पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दाते, म्हणजे प्रमाण ५.३८. बाहेरून पोट पाहून हा चार दात्यांचा फरक ओळखणे तरबेज कारागिराच्याही आवाक्याबाहेरचे आहे. कधीकधी कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची लहान पट्टी असते आणि तिच्यावर दात्यांचे आकडे असतात. पण पट्टी बोल्टाबरोबर एका कण्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. क्राऊनच्या कडेवर कोरलेला आकडा अधिक विश्वासाचा. त्यासाठी कव्हर उघडावे लागते, आणि उघडलेच तर दातेच मोजावेत. आरंभ केलेल्या दात्यावर खडूची खूण करण्यास विसरू नये.

कव्हर न उघडता करण्याची एक परीक्षा आहे. ती भंगाराच्या दुकानाच्या अंगणातही करता येते. एका बाजूचा ड्रम घट्ट धरून ठेवावा. दुसऱ्या ड्रमवर आणि पिनियनच्या थाळीवर खडूने रेघ ओढावी. मोकळा ड्रम बरोबर १६ वेळा फिरवावा आणि तेवढ्यात पिनियनची थाळी किती वेळा फिरली हे दुसऱ्या माणसाने मोजावे. एक चाक थांबलेले असल्यामुळे डिफरन्शियल क्राऊनला चाकाच्या निम्मे, म्हणजे ८ वेळा फिरवते. म्हणून थाळीचे फेरे ३९ आले तर प्रमाण ४.८८, ४३ आले तर ५.३८. अपूर्णांकाचा गोंधळ नाही आणि झिजलेल्या दात्यांच्या सैलपणामुळे चूक होण्याची भीतीही नाही. निराळा आकडा आला तर कणा तिसऱ्याच कोणत्या मॉडेलचा आहे. हीच मोजणी घरच्या जीपच्या पुढच्या कण्यावर, पुढची चाके उचलून आणि फोर-व्हीलचा लिव्हर बाहेर ठेवून, आधीच करून ठेवावी. दुकानात तो आकडा लिहिलेला कागद सोबत असला की दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

हे इतके काटेकोर का, याचा हिशोब व्यापाऱ्याच्या घरात लगेच समजेल. ५.३८ आणि ४.८८ यांत सुमारे दहा टक्क्यांचे अंतर आहे. पुढे नागरी जीपचा कणा आणि मागे युद्ध-जीपचा बसला तर फोर-व्हील लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. तेवढ्या फेऱ्यांत मागची चाके ११० मीटर जाऊ पाहतात, तर पुढची १०० मीटर. उरलेले १० मीटर कोठे जाणार? धानाच्या बांधीतील चिखलात टायर घसरतात आणि हा फरक गिळून टाकतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर घसरत नाहीत. मग शाफ्टला पीळ बसतो, ट्रान्सफर केसचा लिव्हर अडकतो आणि शेवटी जो भाग सर्वांत अशक्त असेल तो तुटतो. त्यातून विपरीत असे की दोन चाकांवर चालवताना ही विसंगती मुळीच जाणवत नाही. गाडी उन्हाळाभर गुळगुळीत धावते. स्पीडोमीटर मात्र थोडा कमी वेग दाखवतो, ४० दाखवी तेव्हा खरा वेग ४४ असतो, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. दोष उघड होतो तो पहिल्या पावसात, नेमकी गरज असताना.

प्रमाण जुळत नसलेला पण अन्यथा उत्तम कणा मिळाला, तर आपल्या गाडीच्या प्रमाणाची क्राऊन-पिनियनची जोडी त्यात घालता येते. येथे एक पथ्य कडक आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि बहुधा दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एका कण्याचा क्राऊन व दुसऱ्याचा पिनियन, दातेसंख्या बरोबर असली तरी, एकत्र आणू नयेत. जोडी बसवताना दात्यांमधील मोकळीक हजारांश इंचात मोजावी लागते. युद्ध-जीपसाठी ती पाच ते सात हजारांश, म्हणजे साध्या कागदाच्या दीड-दोन पानांएवढी असते. दाते नीट टेकतात की नाही हे पाहण्यासाठी जुने कारागीर तेलात कालवलेला शेंदूर दात्यांना लावत, चक्र फिरवत आणि शेंदूर दात्याच्या मध्यावरून पुसला गेला का ते बघत. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग आहे, तेव्हा आता त्याऐवजी मिळणारा निळा रंग वापरलेला बरा. हे काम ज्याने पूर्वी केले आहे अशाच हाताकडे द्यावे. लाखनी तालुक्यातील गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे. गिअरच्या कामाची नजर असलेली माणसे या जिल्ह्यात शोधल्यास सापडतील.

खरेदीच्या व्यवहाराबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. कण्यावर गाडीचा चासी क्रमांक नसतो. म्हणूनच चोरीच्या गाडीचा कणा विकणे सोपे असते. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या फोडण्यासाठी इतका बदनाम झाला की २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तो बंद पाडला. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, आणि एकाच्या जागी त्यासारखे दुसरे खपवणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, या दोन्हींची गणना स्वतंत्रपणे केलेली आहे. मोडीच्या बाजारात हे दोन्ही एकाच दुकानात भेटू शकतात. पक्की पावती, तीत कणा ज्या गाडीतून निघाला तिचा क्रमांक, आणि शक्य असल्यास त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत, एवढे मागितल्यावर जो दुकानदार चिडतो त्याच्याकडचा कणा स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

कागदपत्रांचे महत्त्व दुसऱ्याही कारणाने आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने, खासगी वापराचे आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले वाहन ‘व्हीए’ मालिकेत नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज गिरणीवर जाण्यासाठी नाही. कणा हा चासी, बॉडी किंवा इंजिन नव्हे. तथापि नवा कणा बसवण्यासाठी चासीवर वेल्डिंग केले किंवा स्प्रिंगांचे कंस हलवले, तर तो चासीतील बदल ठरू शकतो. म्हणूनच गाडीला कण्याप्रमाणे कापण्यापेक्षा गाडीला साजेसा कणा शोधावा. त्यात वेळ जातो, पण आजोबांची जीप आजोबांचीच राहते.

आता बसवण्याचे काम. जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. प्रोपेलर शाफ्ट सोडताच हँडब्रेक निरुपयोगी होतो. अनेकांना हे ठाऊक नसते आणि गाडी घोड्यांवरून घसरते. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावल्यावरच मागची बाजू उचलावी आणि भक्कम घोड्या कण्याखाली न लावता चासीखाली लावाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये. चाके काढताना डाव्या बाजूच्या नटांकडे पाहावे. युद्ध-जीपमध्ये त्यांचा आटा उलटा असतो. नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते अधिक आवळले जातात आणि स्टड तुटतात. मग ब्रेकची नळी, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस आणि शेवटी स्प्रिंगांचे यू-बोल्ट सोडावेत. कणा जड असतो, उतरवण्यास तीन माणसे हवीत.

नव्या कण्यात बेअरिंग आणि ऑइल सील नवीनच घालावेत, जुन्यांवर काटकसर करू नये. त्या काळच्या सीलमध्ये चामडे वापरले जाई. आज रबराचे सील मिळतात आणि समाजातील घरांना ते अधिक पसंत पडतील. ब्रीदर साफ करावा, तो बुजलेला असला तर तेल सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. तेल ९० नंबरचे, हायपॉइड गिअरसाठी असलेलेच भरावे. साधे इंजिन ऑइल या दात्यांवरील दाब सोसत नाही. पाणी मिसळलेले जुने तेल नालीत किंवा बोडीत ओतू नये, डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि तेथील लहानमोठे जीव त्याखाली गुदमरतात.

यू-बोल्ट आधी बेताचे आवळावेत. गाडी चाकांवर उतरून स्प्रिंगांवर भार आल्यानंतर ते पूर्ण आवळावेत. ब्रेकमधील हवा काढून पेडल कडक लागते याची खात्री झाल्यावरच गाडी अंगणाबाहेर न्यावी. पहिली फेरी पाच-सात किलोमीटरची, रिकामी आणि संथ असावी. थांबून हब आणि कण्याच्या पोटावर हात ठेवून पाहावा. ऊब असावी, चटका बसू नये. एक हब दुसऱ्याहून बराच गरम असेल तर तेथील बेअरिंग अधिक आवळले गेले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. दोन-तीन दिवस चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

शेवटची परीक्षा मुरमाच्या कच्च्या सरळ वाटेवर करावी. फोर-व्हीलचा लिव्हर लावून जीप शंभर मीटर हळू चालवावी आणि लिव्हर परत काढावा. तो दोन बोटांनी निघाला तर पुढचे आणि मागचे दाते एका हिशोबाचे आहेत. हिसडे देऊनही निघेना, तर गाडी तशीच थोडी मागे घ्यावी म्हणजे पीळ सुटून तो निघेल. मग दोन्ही कण्यांची १६ फेऱ्यांची मोजणी पहिल्यापासून करावी.